टोमॅटोच्या पानाचा वास

२ मार्च

आज रोपं कुंड्यांत लावली. काचघरात दोन बाकं. उजव्या बाकावरच्या टोमॅटोचं बी माझ्या द्रावणात भिजवलेलं, डाव्या बाकावरचं साध्या पाण्यात. काही आठवडे दोन्हीकडे सारखं वाढवायचं, मग दोन्हीकडचं पाणी तोडायचं. तहानलेलं झाड आतल्या आत काय रांधतं, कुठली साखर साठवतं, कुठलं आम्ल बनवतं, पानावरची बारीक तोंडं किती मिटून घेतं, हे मोजणं हा माझा धंदा. मोजता मोजता केस पिकले. यंदा नुसतं मोजायचं नाही, काहीतरी करून दाखवायचं आहे. माझ्या द्रावणामुळे झाड आधीपासूनच तहान सोसायला तयार होतं, असं माझं म्हणणं. लॅबमध्ये त्याला ‘बाईंचा काढा’ म्हणतात. म्हणोत बापडे.

सकाळीच सॅनिटायझरशी वाजलं. हे नाव मी ठेवलेलं नाही, पण वापरते सर्रास. चाळिशीचा माणूस, कंत्राटावर आहे, डावं बाक सांभाळतो, हातमोज्यांशिवाय दाराची कडीही लावत नाही. तो म्हणाला, “मॅडम, आपण दर आठवड्याला बाकं बदलूया. नाहीतर दिसलेला फरक झाडांतला की आपल्या दोघांतला, हे कसं कळणार?”

मी म्हटलं, “माझ्या बाकावर मीच. पान बोटांत धरलं की मला कळतं त्यात किती पाणी आहे ते. तुमच्या रबरातून कळेल का?”

सगळे हसले. तोही हसला, पण उशिरा.

आता जे कुणाला सांगत नाही ते. दुपारी काचघरामागे, पाण्याच्या पंपाशी जाऊन ओढली. पाकीट ठेवत नाही, सापडतं. सुटी तंबाखू एका डब्यात ठेवते आणि हाताने वळते. डब्यावर चिठ्ठी आहे ‘कॅल्शियम नायट्रेट’. गेल्या वर्षी नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, यापुढे एक जरी ओढलीत तरी माझ्याकडे येऊ नका. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी पाकिटं मिळून कचऱ्यात टाकली. कॉलेजात असल्यापासून आम्ही बरोबर ओढत आलो होतो, तेव्हा सोडलीही बरोबर. त्याने खरंच सोडली. मी महिनाभरही टिकले नाही.

बोटांचा वास साबणाने जात नाही. त्यावर मला उपाय सापडला आहे. टोमॅटोचं एखादं पान तळहातात चुरगळून चोळलं की दुसरा कुठलाच वास उरत नाही. पान मी माझ्याच बाकावरचं घेते. दुसऱ्याच्या झाडांचं नुकसान कशाला करायचं.

९ मार्च

नणंद जेवायला आली होती. ती आमच्याच संस्थेत कार्यालय सांभाळते, त्यामुळे मी लॅबमध्ये शिंकले तर घरी पोचेपर्यंत नवऱ्याने वाफ घ्यायला पाणी तापवून ठेवलेलं असतं. तिच्यासमोर तो म्हणाला, “हिने माझ्यासाठी एका दिवसात सोडली. चकार शब्द काढला नाही. हिच्याकडे बघितलं की मला स्वतःची किरकिर करायची लाज वाटते.”

नणंद म्हणाली, “वहिनी, तुमचं खरंच कौतुक आहे.”

मी भांडी उचलायला घेतली. तो माझा हात धरून वास घेत म्हणाला, “अगं, हिच्या हाताला आता झाडांचा वास येतो. किती बरं वाटतं.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडी घासताना ठरवलं, उद्यापासून बंद.

त्याने टेबल पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत नेलं आहे. घरी मुद्रितं तपासतो, दिवसभर टेबलाशीच असतो. म्हणतो, मागे उजेड बरा आहे. मागे कसला डोंबलाचा उजेड! पण वाद कोण घालणार.

१० मार्च

उद्यापासून.

२९ मार्च

पाणी तोडलं. रोपांनी छान अंग धरलं आहे, दोन्ही बाकांवर सारखी. माझ्या बाकावरची किंचित बुटकी असतील. सॅनिटायझरने ते टिपून ठेवलं. त्याला असल्या गोष्टी बरोबर दिसतात.

नवरा हल्ली फार चिडतो. मुद्रितातला चुकलेला अनुस्वार माझ्या अंगावर धावून आल्यासारखा वाचून दाखवतो. म्हातारपण, दुसरं काय.

६ एप्रिल

डाव्या बाकावरची झाडं माना टाकून बसली आहेत. उजव्या बाकावरची उभी आहेत! पान बोटांत धरलं तर अजून ताठ. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. साहेब, म्हणजे आमचे संचालक, स्वतः काचघरात आले. एरवी ते वातानुकूलित खोलीतून बाहेर पडत नाहीत. म्हणाले, “बाई, तुमचं बोट सोन्याने मढवायला हवं.”

मी पोरीसारखी खूश झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या झाडांनी माझी बाजू घेतली. आनंदाच्या भरात पंपाशी जाऊन एक ओढली. दोन ओढल्या.

११ एप्रिल

पानांतल्या रसायनांचे आकडे आले. उजव्या बाकावरच्या झाडांनी प्रोलीन भरपूर साठवलंय, साखरही. झाड तहानेला तोंड द्यायला जी शिदोरी बांधतं ती हीच. बैठकीत मी हे सांगत होते आणि सॅनिटायझरने हात वर केला.

“मॅडम, सॅलिसिलिक आम्लही खूप वाढलंय. ते तर झाडाला रोग झाला की वाढतं. नुसत्या तहानेने एवढं नाही वाढत. आणि या झाडांत ते पाणी तोडायच्या आधीच्या नमुन्यांतही जास्त आहे.”

मी म्हणाले, “तुम्ही हातमोजे सांभाळा. रसायनं मी सांभाळते.”

खोलीभर हशा पिकला. तो खाली बसला, त्याचे कान लाल झाले होते. घरी येताना मला राहून राहून वाटत होतं की त्याचा प्रश्न बरोबर होता. पण वाटून काय उपयोग, बोलून तर बसले होते. माझ्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा कच्च्या नोकरीवरच्या माणसाला चारचौघांत गप्प केलं. शहाणी म्हणून मिरवते आणि ही अक्कल.

१५ एप्रिल

साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात जाहीर करू. शेतांवरही चाचण्या घेऊ. मी हो म्हणाले.

झाडांच्या शेंड्याकडची नवी पानं थोडी चट्ट्यापट्ट्यांची आली आहेत. फिकट हिरवं, गडद हिरवं. फक्त माझ्या बाकावर. मॅग्नेशियम कमी पडलं असणार. तहानलेल्या झाडाचं असं होतं. होतं कधी कधी.

१९ एप्रिल

मॅग्नेशियम नव्हे.

सॅनिटायझर मला न विचारता माझ्या बाकावरची पानं शेजारच्या रोगविभागात तपासायला देऊन आला. तिथल्या विषाणूवाल्या बाईंनी सांगितलं, मोझॅक आहे, पानांवर असे चट्टे आणणारा विषाणू. उजव्या बाकावर झाडून सगळ्या झाडांत. डाव्या बाकावर एकातही नाही. नेमका कुठला मोझॅक ते दोन-चार दिवसांत कळेल.

साहेबांनी दोघांना खोलीत बोलावलं. “हा आला कुठून?”

मी गप्प राहायला हवं होतं. पण साहेब माझ्याकडे बघत होते, सोन्याने मढवायच्या बोटाकडे. माझ्या तोंडून निघून गेलं, “यांच्या घरी गॅलरीत टोमॅटो आहेत. रोज तिथून थेट इथे येतात.”

सॅनिटायझर म्हणाला, “मॅडम, मी तुमच्या बाकाला हात लावतच नाही. लावू देत नाही तुम्ही.”

“ते साचलेल्या पाण्यातून येतं, पाइपमधून येतं, कपड्यांवरून येतं,” मी म्हणाले. काहीही बोलत होते. “घरची झाडं आधी उपटून टाका आणि पानं तपासायला द्या.”

तो म्हणाला, “आईची आहेत ती.”

साहेब म्हणाले, “उपटा.”

२० एप्रिल

त्याने उपटली. पानं पिशवीत घालून, पिशवीवर दुसरी पिशवी घालून रोगविभागात दिली. निकाल येईपर्यंत त्याने काचघरात पाऊल ठेवायचं नाही. त्याचं कंत्राट महिनाअखेर संपतंय, ते वाढवण्याची फाइल साहेबांनी थांबवून ठेवली.

संध्याकाळी नणंदेने मला जिन्यात गाठलं. “वहिनी, बिचाऱ्याला घालवणार का हो? मलाच पत्र टाइप करायचं आहे. त्याच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली. गॅलरीपर्यंत खुर्चीत बसवून न्यायचा तिला, झाडं दाखवायला.”

मी म्हटलं, “मला काय विचारतेस, साहेबांना विचार.”

किती सहज म्हटलं.

२४ एप्रिल

विषाणूवाल्या बाई व्हरांड्यात भेटल्या. मोकळ्या स्वभावाच्या आहेत, जाता जाता बोलून गेल्या. “तुमच्या त्या माणसाच्या घरची झाडं अगदी निरोगी होती हो. उगाच उपटली. आणि तुमचा मोझॅक कुठला ते कळलं, तंबाखूचा आहे. कुणी ओढतं का तुमच्याकडे?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, एवढ्या चटकन म्हणाले.

“मग बघा बाई,” त्या म्हणाल्या. “आणि तुमची झाडं तहानेत उभी राहिली ना, त्याचंही आश्चर्य वाटून घेऊ नका. विषाणू लागलेलं झाड कधी कधी पाण्याशिवाय जास्त तग धरतं. रोगाशी झुंजायला जी रसायनं बनवतं ती तिथेही उपयोगी पडतात.”

साहेबांना निकाल मी सांगेन, असं मी त्यांना सांगितलं. दिवसभर सांगितलं नाही.

काढा म्हणजे नुसतं पाणी निघालं, हे मला नीटसं पोचलंच नाही अजून. माझ्या डोक्यात एकच चाललंय. मी ओढते ते बाहेर, पंपाशी. आत कधीच नाही. ओढून झालं की हात साबणाने धुते. नीट धुते. मग वरून एक पान

ते पान.

झाडाला विषाणू टोचायचा कसा, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. पानाला बारीकशी जखम करा आणि त्यावर चोळा. मी अर्धं पान तोडत होते, उरलेलं अर्धं झाडावर राहत होतं. मग त्याच हाताने सगळ्या बाकावरची पानं दाबून बघत होते, पाणी किती आहे म्हणून. आणि हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकतो, त्याच्या नावातच तंबाखू. लहान मूलही ओळखेल. मला मात्र माझ्या बोटाचा केवढा गर्व.

२७ एप्रिल

अजून सांगितलेलं नाही. स्वतःला म्हटलं, पुराव्याशिवाय कसं सांगणार? पुराव्याचं नुसतं निमित्त, मला दिवस ढकलायचे होते. पण केली चाचणी.

रोगविभागात रानतंबाखूची झाडं असतात. त्यांच्या पानावर हा विषाणू चोळला तर झाड त्याला पसरू देत नाही. विषाणू शिरलेल्या जागेभोवतीच्या स्वतःच्याच पेशी मारून टाकतं. तेवढा ठिपका जळतो, बाकीचं झाड वाचतं. मी एक कुंडी मागून आणली. एक विडी वळली, ओढली नाही. मग साबणाने हात धुतले, रोज धुते तसे. आणि पानावर बारीक वाळूची पूड टाकून तीन बोटं फिरवली. दुसऱ्या पानावर तेच केलं, पण नव्या हातमोज्याने.

मनात चक्क प्रार्थना करत होते. त्या माणसाची नोकरी जाऊ दे, पण पान हिरवं राहू दे, असाच त्याचा अर्थ होतो. हे लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. पण मी अशी आहे, हे कुठेतरी लिहिलेलं असू दे.

३० एप्रिल

हातमोज्याचं पान स्वच्छ.

माझ्या बोटांच्या पानावर तपकिरी ठिपके, तीन ओळींत. कुठलं बोट जास्त दाबलं होतं तेही दिसतंय. मधलं.

आज त्याच्या कंत्राटाचा शेवटचा दिवस. साहेबांनी त्याला तीन तारखेच्या बैठकीला हजर राहायला सांगितलंय, त्याचं म्हणणं ऐकायला. साहेबांच्या भाषेत म्हणणं ऐकणं म्हणजे निरोप देणं. मी त्यांच्या खोलीत गेले आणि गॅलरीचा निकाल तेवढा सांगितला. ते म्हणाले, “असेना निरोगी. कुठून तरी आलाच ना? बाई, हे प्रकरण कुणाच्या तरी नावावर मिटवायला हवं. तो कंत्राटी आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल. तुमच्या नावाला डाग नको.”

“डाग माझाच आहे,” असं म्हणायची ही वेळ होती. मी मूग गिळून बसले. ते म्हणाले, “चहा घेणार?” आणि मी घेतला.

१ मे

बैठकीत बोलायचं तर नणंद तिथे टिपणं घ्यायला बसलेली असणार. ते शब्द माझ्याआधी घरी पोचणार. म्हणजे आधी घरीच सांगायला हवं. दिवसभर तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवलं.

घरी आले तर हा खुशीत होता. डॉक्टरांकडे जाऊन आला होता. हृदय उत्तम चाललंय म्हणाले. तो म्हणाला, “डॉक्टर विचारत होते, कसं जमवलंत? म्हटलं, घरात एक करारी बाई आहे, तिची लाज वाटते.” आणि हसला. मला म्हणाला, “आज तू काही करू नकोस, मी स्वयंपाक करतो.”

त्याने भात लावला, भाजी चिरली, चिरताना शीळ घालत होता. मला वाटलं, सांगितलं तर याची शीळ थांबेल. नाही सांगितलं तर त्या माणसाचं घर थांबेल. अशी तुलना मनात केली आणि तरी जेवले. दोनदा भात घेतला.

२ मे

आजही नाही सांगितलं. तो झोपाळलेला होता, मी थकले होते, वगैरे. तंबाखूचा डबा मात्र रोगविभागाच्या भट्टीत टाकून आले, संसर्ग झालेला माल जाळतात तिथे. बाईंनी विचारलं, “यात काय आहे?” म्हटलं, “कॅल्शियम नायट्रेट.” अजून खोटंच.

३ मे

बैठक झाली.

सॅनिटायझर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आज हातमोजे नव्हते. त्याचे हात मी पहिल्यांदाच नीट पाहिले. फार धुतल्यामुळे कातडीला भेगा पडल्या आहेत. साहेबांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, “तुम्हाला काही सांगायचं आहे?”

तो म्हणाला, “सगळं सांगून झालंय सर.”

मी उभी राहिले. बसून बोलतात आमच्याकडे, मी उगाच उभी राहिले. कुंडी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ही माझी बोटं आहेत. मी तंबाखू ओढते. काचघरामागे. वास जावा म्हणून माझ्या बाकावरची पानं चुरगळून हाताला लावते. विषाणू मी आणला. झाडं उभी राहिली ती त्या विषाणूमुळे, माझ्या द्रावणामुळे नाही. आणि यांच्या घरची झाडं निरोगी होती हे मला चोवीस तारखेपासून ठाऊक आहे.”

कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नणंदेचं पेन थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पानावरच्या ठिपक्यांकडे बघत होती.

साहेब म्हणाले, “बाई, हे असं सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती? माझ्या खोलीत सांगायचं.”

“तुमच्या खोलीत मी चहा प्यायले,” मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही.

मग मी सॅनिटायझरकडे वळले. माफी मागायची म्हणून तयारी केलेली होती, ती सगळी विसरले. नुसतं “माझं चुकलं” एवढंच आलं. मला त्याचं खरं नाव घ्यायचं होतं. घेतलं तर जीभ अडखळली, इतक्या दिवसांत कधी उच्चारलंच नव्हतं.

त्याने कुंडी स्वतःकडे ओढून पान पाहिलं. मग म्हणाला, “आईला मी सांगितलंय की कीड पडली म्हणून उपटली. ती मलाच बोलते, तू नीट लक्ष दिलं नाहीस म्हणून.” आणि पानाकडे बोट करून म्हणाला, “चाचणी बरोबर केलीत तुम्ही. हातमोज्याचं पान तुलनेला ठेवलंत ते.”

त्याने मला माफ केलं असं नाही. कामाबद्दल बोलला. त्याला तेवढंच बोलता आलं, आणि मला तेवढंही झेपलं नाही. खुर्चीत बसून रडले, सगळ्यांसमोर, नाक पुसायला रुमालही नव्हता.

जाहीर करायचं रद्द झालं. त्याचं कंत्राट वाढवलं, साहेबांना दुसरा रस्ताच राहिला नाही. माझं काय करायचं ते वरचे लोक ठरवतील. ठरवोत. दोन्ही बाकांवरची झाडं जाळायला गेली.

संध्याकाळ, तीच तारीख

बैठकीनंतर नणंद म्हणाली होती, “वहिनी, दादाला मी काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा. पण लवकर सांगा, मला पोटात ठेवता येत नाही.” एरवी मी तिच्या चुगल्यांना किती नावं ठेवते.

मी थेट घरी आले नाही. चालत राहिले, तेच तेच रस्ते. घरी पोचले तेव्हा हा दारातच होता. मी चपलाही काढल्या नाहीत. उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगून टाकलं. पंप, डबा, पान, त्या माणसाची आई, चहा. आणि हेही, की मी महिनाभरही टिकले नव्हते. तू ज्या हाताचा वास घेत होतास तो झाकलेला वास होता, असं म्हणाले.

तो रागावेल असं वाटलं होतं. तो खाली बसला. मुद्रितात एखादा शब्द अडला की जसा बसतो तसा, चष्मा कपाळावर ढकलून.

म्हणाला, “रोज ओढावीशी वाटायची गं मला. रोज. पुढच्या खोलीतून कोपऱ्यावरचं दुकान दिसतं म्हणून टेबल मागे नेलं. तुझ्यावर चिडायचो तेही त्यामुळेच. मग मनात म्हणायचो, ती बघ, तिने एकदाही तोंड वेंगाडलं नाही, आणि तू पुरुषासारखा पुरुष. तुझ्यासमोर लाज वाटेल म्हणून नाही ओढली मी. डॉक्टरसाठी नाही आणि जिवासाठीही नाही.”

मी म्हणाले, “मला सांगायचं होतंस.”

“तू सांगितलं असतंस तर मी सांगितलं असतं,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “आता मी कुणाची लाज धरू, ते सांग.”

तो उठला, शर्टाच्या खिशात सुटे पैसे आहेत का ते चाचपलं आणि जिना उतरून गेला.

पुढच्या खोलीत, त्याच्या टेबलाच्या रिकाम्या जागी जमिनीवर बसून हे लिहितेय. खिडकीतून दुकान दिसतंय. तो दुकानासमोर उभा आहे, हात खिशात. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला काहीतरी देतोय. याने अजून काही मागितलेलं नाही. वर बघतही नाही.

हाक मारावीशी वाटते. पण ‘ओढू नकोस’ हे मी कुठल्या तोंडाने सांगू? आज या घरात त्याला अडवायचा अधिकार सगळ्यात कमी जर कुणाला असेल तर तो मला.

गिऱ्हाईक गेलं. आता त्याचा नंबर.

मी खाली जाते. सांगणार काहीच नाही, नुसती त्याच्या शेजारी उभी राहते.